घरचा ससा अनावर झाला तर…



गेल्या पावसाळ्यात सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर सोयाबीनवरचा चक्रीभुंगा पाहायला गेलो होतो. शेत पाहून झाले, ओट्यावर बसलो, चहा आला. चहाबरोबर घरातल्या वहिनींनी एकेक वस्तू आणून माझ्यापुढे मांडायला सुरुवात केली. ठिबकच्या नळीचा चावलेला तुकडा, बियाण्याची फाटकी पिशवी, मुलाच्या वहीचा अर्धा पुठ्ठा आणि शेवटी तांबे उघडे पडलेली एक वायर.

"साहेब, पिकावरची कीड ओळखता, आता घरातली ही कीड कोणती ते सांगा!"

मी म्हटले, "वहिनी, हे उंदराचे काम."

"उंदीर कसला! आमचा मोती."

मोती म्हणजे पांढराशुभ्र ससा. आठवडे बाजारातून मुलाने हट्टाने आणलेला. आणला तेव्हा तळहाताएवढा होता आणि कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायचा. चार महिन्यांत अंगाने भरला आणि स्वभावच पालटला. दिसेल ते कुरतडतो, पिंजऱ्यात हात घातला की चावतो, उचलले की लाथा झाडतो, रात्री पाय आपटून घर जागे करतो. घरधनी वैतागून म्हणाले, "येत्या बाजारी देऊन टाकतो. ती वायर पोराच्या हाताला लागली असती तर?" दाराआड उभा असलेला मुलगा हे ऐकत होता. आजींनी हळूच सांगितले, "काल रात्रीपासून जेवला नाही तो."

घरधन्यांचे म्हणणे खोटे नव्हते आणि पोराचे दुःखही खोटे नव्हते. आज खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत मुलांच्या हौसेखातर ससा येतो. चार महिने कौतुक होते आणि पुढे अशीच तक्रार सुरू होते. म्हणून पिकाचा विषय बाजूला ठेवून आज सशाविषयी लिहितो.

आधी माझी चूक

मी सांगतो ते सगळे शहाणपण पुस्तकातून आलेले नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या मुलीसाठी मी एक ससा आणला होता. तोही असाच कुरतडू लागला. एकदा त्याने माझ्या चपलेचा अंगठा तोडला. मी रागाच्या भरात त्याचे कान धरून त्याला उचलले आणि दुसऱ्या हाताने चापट मारली. त्याने हवेत जोरात लाथ झाडली. खाली ठेवला तेव्हा त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. कणा मोडला होता. दोन दिवसांत तो गेला. मुलगी मला काही बोलली नाही, पण नंतर तिने ससा कधी मागितला नाही.

सशाची हाडे अंगाच्या मानाने फार हलकी असतात आणि मागच्या पायांचे स्नायू फार जोरदार असतात. अंगाला आधार नसताना त्याने लाथ झाडली की स्वतःच्याच जोराने त्याचा कणा मोडू शकतो. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. तुम्हांला आज ठाऊक असावे, एवढ्यासाठी सांगितले.

कुरतडतो तो खोडी म्हणून नव्हे

सशाला एकूण २८ दात असतात. ते जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वाढतात, म्हणजे झिजलेच नाहीत तर वर्षात चार-पाच इंच होतील. विळ्याला धार लावताना विळा झिजतो, तसे हे दात गवत चावून झिजायचे असतात. गवत कमी पडले की दातांना काम उरत नाही. रिकामा दात मग वायर, चप्पल, खाटेचा पाय, जे सापडेल ते धरतो.

दुसरे कारण बिळाचे. आपल्या रानातला ससा आणि हा पाळीव ससा हे एकच प्राणी नव्हेत. रानातला ससा झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसतो, बीळ करत नाही. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांच्या वंशातला आहे. त्याची पिले उघडी आणि डोळे मिटलेली असतात. बिळात आडवी आलेली मुळे तोडायची आणि माती उकरायची, हे या वंशाच्या रक्तातच आहे. तुमची वायर त्याच्या लेखी वाटेत आलेले एक मूळ असते.

जाता जाता एक सांगतो. रानातला ससा पकडून घरी पाळू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याला संरक्षण आहे आणि तो पकडणे हा गुन्हा आहे. शिवाय तो पिंजऱ्यात भीतीनेच मरतो.

पहिला उपाय : वैरण

मोतीला काय घालता, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "भाकरी, भात, बिस्कीट, गाजर. लाडका आहे ना!" लाडाचे हे खाणे मऊ असते. त्याने दात झिजत नाहीत, पोट मात्र बिघडते.

सशाच्या खाण्यात पाच भागांतले चार भाग गवत असावे. स्वच्छ वाळलेले गवत त्याच्यापुढे दिवसरात्र हवे. मारवेल, पवना, हरळी यांपैकी जे मिळेल ते चालते. गवताला बुरशीचा वास येत असेल तर घालू नका. ओल्या पाल्यात कोथिंबीर, मुळ्याचा पाला, शेवग्याची पाने रोज मूठ-दोन मूठ द्यावीत. घोडघास वाढत्या पिलाला चांगला, पण मोठ्या सशाला तो थोडाच द्यावा, कारण त्यात चुना फार असतो. गाजर हे खाऊसारखे, बोटाच्या पेराएवढे पुरे. दोन किलोच्या सशाला धान्य किंवा गोळीखाद्य दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाणी मात्र भरपूर असावे आणि ते जड मातीच्या भांड्यात ठेवावे, म्हणजे तो उलथवणार नाही.

खाणे बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. एका दिवसात बदल केला तर हगवण लागते.

काही गोष्टी मुळीच देऊ नयेत. कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाट्याचा पाला, एरंड, धोतरा, कण्हेर, घाणेरी आणि रुई ही सशाला घातक आहेत. कांद्याची चाळ असलेल्या घरांनी विशेष सांभाळावे. आणखी एक, बांधावर तणनाशक मारले असेल किंवा शेजारच्या पिकावर फवारणी झाली असेल, तर तिथले गवत कापून आणू नका. गाय-म्हैस मोठी असते, थोडेफार सोसते. दोन किलोचा जीव तेवढे सोसत नाही.

दुसरा उपाय : चावायला हक्काची वस्तू

"चावू नको" एवढे सांगून भागत नाही. "हे चाव" म्हणून काहीतरी द्यावे लागते. तुतीच्या आणि पेरूच्या हिरव्या काटक्या किंवा बांबूचा ओला तुकडा उत्तम. औषध न फवारलेल्या झाडाच्याच काटक्या घ्या. रंग दिलेले किंवा पॉलिश केलेले लाकूड नको. काटक्या दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर तो कंटाळून पुन्हा खाटेकडे वळतो.

उकरण्यासाठी एका जुन्या घमेल्यात किंवा खोक्यात ओलसर माती आणि वाळू भरून ठेवा. अंगणातली जमीन आणि गोधडी दोन्ही वाचतील. मोतीच्या घरी फुटक्या घमेल्याचा उपयोग पहिल्यांदाच झाला, असे आजी म्हणाल्या.

तिसरा उपाय : वायर त्याच्या तोंडाबाहेर

हा उपाय मी तिसरा लिहिला असला तरी करायचा सर्वांत आधी, आजच. घरातल्या मोकळ्या वायरी जमिनीपासून तीन फूट उंच न्या. जिथे तसे जमत नाही तिथे प्लॅस्टिकच्या कठीण नळीतून ओढून घ्या. मोबाइलचा चार्जर काम झाले की काढून ठेवा. मोटारीचा स्टार्टर असलेल्या खोलीत ससा सोडूच नका. विजेची गळती झाल्याबरोबर प्रवाह तोडणारा स्विच घरात बसवून घ्या. तो सशासाठी नव्हे, तुमच्या मुलांसाठी हवा.

ससा वायरीला चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग जवळ जा.

कोणी सांगतात, वायरीला तिखट किंवा मिरचीपूड लावा. असे करू नये. ते त्याच्या डोळ्यांत जाते आणि तेच हात मुले आपल्या डोळ्यांना लावतात. रॉकेलही लावू नका.

चावतो, लाथा झाडतो, पाय आपटतो

आता स्वभावाकडे वळू. गोऱ्हा वयात आला की कसा होतो, हे तुम्हांला सांगायला नको. ससा चार ते सहा महिन्यांत वयात येतो. नर मग जागेवर हक्क सांगतो, जागोजाग मूत्र उडवतो, हात आत आला की चावतो, दुसऱ्या नराशी रक्त निघेपर्यंत भांडतो. मादीही या वयात गुरगुरते. कधी कधी पोटात पिले नसतानाही ती गाभण असल्यासारखी वागते. छातीचे केस उपटून घरटे करते आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. दोन-अडीच आठवड्यांत हे आपोआप ओसरते. तेवढे दिवस तिला एकटी सोडा आणि घरटे मोडू नका.

दोन नर एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नका. नर-मादी एकत्र ठेवली तर महिन्याने पिले होतात, आणि विल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पुढची सोय लावता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. नराचे खच्चीकरण करता येते. त्यानंतर काही आठवड्यांत मूत्र उडवणे आणि चावणे पुष्कळ कमी होते. पण हे बैलाच्या खच्चीकरणासारखे काम नव्हे. भूल देऊन करावे लागते, म्हणून सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडेच करावे. घरगुती प्रयोग करू नये.

बाकीचे पुष्कळसे चावणे भीतीपोटी असते. सशाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. नाकाकडे अचानक बोट गेले की तो दचकून चावतो. वरून हात आला की त्याला घार आली असे वाटते. पाय आपटणे हा त्याचा धोक्याचा इशारा. मोती रात्री पाय आपटायचा त्याचे कारण दुसऱ्या दिवशी सापडले. पिंजऱ्याभोवती मांजराच्या पायांचे ठसे होते. बिचारा राखण करत होता आणि घरचे त्याला दटावत होते.

तेव्हा त्याच्याशी असे वागा. जवळ जाताना जमिनीवर बसा. हात बाजूने न्या आणि कपाळावरून, कानांच्या मागून फिरवा. पिंजरा झाडायचा तो ससा बाहेर असताना झाडा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्या, त्याला आपल्या अंगाशी टेकवून धरा. कान धरून कधीही उचलू नका. लहान मुलांनी उचलू नये. त्यांनी खाली बसून कोथिंबिरीची काडी द्यावी, ससा आपणहून मांडीवर येतो.

मारू नका. मारामागचे कारण सशाला कळत नाही. कुरतडताना दिसला तर हळू आवाजात एकच शब्द, "नको", म्हणा आणि तोंडापुढे काटकी धरा. काटकी चावली की कोथिंबिरीचे पान द्या. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच ठेवावा. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो. वासराला दावे ओळखायलाही तेवढे दिवस लागतातच की.

जागा आणि मोकळीक

मोतीचा पिंजरा मी पाहिला. कोंबडीची टोपली बरी, एवढा लहान! दिवसभर त्यात कोंडलेला जीव संध्याकाळी सुटला की धिंगाणा घालणारच. पिंजरा निदान सहा फूट लांब, दोन-अडीच फूट रुंद आणि तेवढाच उंच असावा. सशाला मागच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. सगळी जमीन जाळीची नको, टाचांना जखमा होतात. निम्म्या भागात फळी टाकून वर वाळले गवत पसरा. जाळी अर्ध्या इंचाची आणि जाड तारेची घ्या. कोंबड्यांची पातळ जाळी ससा कुरतडतो आणि कुत्रे ती फाडते. पिंजरा जमिनीवरच असेल तर खाली फरशी घाला. मुंगूस आणि मांजर यांपासून रात्री राखण हवी.

ससा पहाटे आणि दिवेलागणीला जास्त चपळ असतो. त्या वेळी दोन-तीन तास त्याला बंदिस्त अंगणात माणसाच्या नजरेखाली मोकळा सोडा. पळून दमलेला ससा कुरतडत नाही.

उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की सशाच्या जिवावर बेतते. पिंजरा सावलीत, वाऱ्याच्या वाटेत ठेवा, वर ओले गोणपाट टाका. चिडलेला ससा पुष्कळदा उकाड्याने हैराण झालेला असतो.

घाण करण्यासाठी ससा बहुधा एकच कोपरा निवडतो. त्याच कोपऱ्यात गवत घातलेले पसरट भांडे ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत तो शिकतो. लेंड्या वाया घालवू नका. कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, परसबागेला चांगले खत होते. रात्री तो स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका. गवतातले सत्त्व दुसऱ्यांदा पचवण्याची ती त्याची रीतच आहे.

खोड की दुखणे?

गरीब ससा एकाएकी चावू लागला तर आधी दुखणे शोधा. महिन्यातून एकदा ओठ हलकेच बाजूला करून पुढचे दात पाहा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसलेले असावेत. दात वाकडे वाढले असतील, लाळ गळत असेल, गवत तोंडात घेऊन टाकून देत असेल तर दवाखाना गाठा. नखे कापायच्या कात्रीने किंवा पकडीने दात तोडू नका, दात उभा चिरतो. कान, नाक किंवा पंजे यांवर खपल्या धरल्या असतील तर खरूज असू शकते. तिची खाज माणसांनाही लागते, म्हणून उपचार होईपर्यंत मुलांना लांब ठेवा.

दहा-बारा तास सशाने काही खाल्ले नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका. सशाचे पोट थांबणे म्हणजे जीव धोक्यात असणे. घरात उरलेल्या माणसांच्या किंवा जनावरांच्या गोळ्या देऊ नका. आपल्याला चालणारी काही प्रतिजैविके सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारतात आणि त्याने तो दगावतो.

ससा चावून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. हळद किंवा चुना भरून घरी बसू नका.

मोतीचे पुढे काय झाले?

त्या दिवशी मी घरधन्यांना एवढेच म्हटले, "दोन महिने द्या. मग बाजार आहेच." त्यांनी आधी वायर बदलून उंचावर नेली. पोराने शाळेतून येताना बांधावरचे गवत आणायचे, असा करार झाला. जुन्या दाराच्या फळ्यांचा मोठा पिंजरा उभा राहिला. त्याचे खिळे ठोकायला घरधनी स्वतः बसले.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या निमित्ताने पुन्हा त्या वस्तीवर गेलो. मोती साधुसंत झालेला नव्हता. मधल्या काळात त्याने आजींच्या वहाणेची एक पट्टी खाल्ली होती आणि मी ओट्यावर बसलो असताना माझ्या पिशवीचा कोपरा चाखून पाहिला. मुलगा धावत आला, "नको" म्हणाला, काटकी पुढे धरली. मोतीने पिशवी सोडली. घरधनी म्हणाले, "साहेब, आता चूक ससा करत नाही. पिशवी खाली ठेवली ती तुम्ही."

मी पिशवी उचलून खुंटीला अडकवली.

तर मंडळी, ससा सात-आठ वर्षे, चांगला सांभाळला तर दहा वर्षेही जगतो. आणण्यापूर्वी एवढा हिशेब घरात बसून करा : रोजचे गवत कोण आणणार, पिंजरा कुठे मावणार, मूल पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला गेले तर मागे कोण पाहणार? उत्तर मिळत नसेल तर मुलाला तसे समजावून सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि ससा आधीच घरात आला असेल, तर आज संध्याकाळी दोन कामे करा. वायरी वर उचला आणि त्याच्यापुढे ओंजळभर वाळले गवत टाका. बाकीचे सावकाश जमेल.